चार नंबरची लाइन

७ फेब्रुवारी १९७२, सोमवार
नोकरी सुरू. कॉलेज मी सोडलं. प्रोफेसरांशी झालेली हमरीतुमरी हे निमित्त. बाबांच्या ओळखीने कलकत्त्यात एस्प्लनेडच्या एका ऑफिसात टेलिफोन बोर्डाची देखभाल. वरिष्ठ नीलमणिबाबू म्हणाले, सहा महिने नुसतं बघ. मला सहा दिवस पुरेत.
संकल्प: राग बंद. महिनाअखेरपर्यंत महाराष्ट्र मंडळातल्या लीनाला लग्नाची मागणी.

८ फेब्रुवारी
सगळं समजलं. बाहेरून आलेला फोन आपल्या बोर्डाने उचलला की बोर्ड एक्स्चेंजला इशारा देतो: उचलला. मगच बोलणाऱ्याचं मीटर फिरतं. बस्स, इतकंच! यासाठी सहा महिने?

९ फेब्रुवारी
लीनाचा फोन!! बराकपूरच्या शाळेतून, तिथे ती शिकवते. पण हेडमिस्ट्रेस फोनशेजारच्या मीटरवर डोळा ठेवून बसते, म्हणून लगेच ठेवला. रक्त उसळलं. मीटर म्हणजे काय देव आहे?

१० फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत चार नंबरच्या लाइनची इशाऱ्याची वायर सोडवली, टोकाला सुबक टेप लावली. आता लीना तासभर बोलो, मीटर ढिम्म हलणार नाही. संध्याकाळी महाराष्ट्र मंडळात तिला सांगितलं, यापुढे याच नंबरवर कर. कारण सांगितलं नाही. त्याग बोलून दाखवायचा नसतो.

११ फेब्रुवारी, दुपार
केला! आईचे गुडघे, बाबांची बदली, आमच्याकडचं लिंबाचं लोणचं, सगळ्यांची चौकशी. मग आवाज खाली आणून म्हणाली, "जयप्रकाश, तुला एक विचारायचं होतं, हसू नकोस हं..." आणि फोन बंद.
लाजली!

१४ फेब्रुवारी
परत फोन. परत गुडघे. (नियम: आईची तब्येत एका शब्दात आटपणे.) मग म्हणाली, "घरी सगळ्यांना पसंत आहे. आता फक्त तू..." बंद.
सगळ्यांना पसंत! मी काय, तयारच आहे. नीलमणिबाबूंना रसगुल्ले दिले. विचारलं, कशाचे? म्हटलं, कळेल.

१५ फेब्रुवारी
सकाळी साहेब खुशीत: हल्ली मिसेसचा फोन तीन मिनिटांत आपोआप आटपतो. दुपारी बड्या गिऱ्हाइकाचा फोन तीनदा तुटला. साहेब अख्ख्या ऑफिसवर ओरडले. मीही उलट ओरडणार होतो. जिन्यात जाऊन ओरडलो.

१६ फेब्रुवारी
नीलमणिबाबूंनी बोर्ड उघडला. माझी टेप बघून म्हणाले, "ओरे बाबा! हे कुणा विद्वानाचं काम?" इशाराच जात नाही, तर एक्स्चेंजच्या लेखी फोन कुणी उचललेलाच नाही, तीन मिनिटं वाट बघतं आणि तोडून टाकतं. साहेबांना मात्र त्यांनी सांगितलं, वायर सैल होती. रसगुल्ले वाया गेले नाहीत.
म्हणजे लीना लाजली नव्हती! ती बोलणारच होती! वायर मीच जोडली. गाणं गुणगुणत.

१७ फेब्रुवारी, दुपारी १.२०
फोन आला. म्हटलं, आईचे गुडघे उत्तम, लोणचं संपलं, तू मुद्द्याचं बोल. बोलली. पूर्ण सहा मिनिटं. सत्तावीस तारखेला तिचा साखरपुडा. मुलगा विनायक, नागपूरचा, घरी सगळ्यांना पसंत. मंडळाच्या हॉलमधला माइक सारखा बंद पडतो, आणि आता तू टेलिफोनमधला माणूस, तेव्हा फक्त तूच तो सांभाळू शकशील. सांभाळशील ना रे?
हो म्हणालो.
वर म्हणाली, तुमच्या ऑफिसचा फोन किती तुटतो! आधी तो बघ.
तिकडे मीटर फिरलं असणार. एक्स्चेंजला कळलं, उचलला म्हणून.

१७ फेब्रुवारी, १.४५
संकल्प: माइक लावायला जायचं नाही. स्वाभिमान आहे.

१७ फेब्रुवारी, ६.१०
माइकची वायर आणली. चांगली, जाड. तुटायची नाही.