वरच्या वाडीची गावकी

माँद, फ्रान्स
१२ जानेवारी

ती. बाबांस,
अक्षदाचा सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. थंडीने नाक लाल होतं, एवढंच. जन्मभर ग्रामसेवकी केलेल्या माणसाला इथली एक गंमत सांगते. लोझेर हा इथला जिल्हा. त्यात गाव कितीही लहान असो, त्याला स्वतःची पंचायत आणि स्वतःचा सरपंच. अभ्यासासाठी एका डोंगरातल्या गावी गेले होते. मोजकी म्हातारी माणसं उरलीत, तरी सरपंचबाई तिरंगी पट्टा घालून लग्नं लावतात. शेजारच्या गावात विलीन व्हा म्हणून वरून सुचवणं चालू आहे, पण बाई बधत नाहीत. तुमचीच आठवण झाली.

जेवता ना वेळेवर? शेजारच्या राहीआजीला नमस्कार.

माया आहे तशीच असू द्या.
तुमची, अक्षदा

वरची वाडी, ता. पोलादपूर
३ फेब्रुवारी

चि. अक्षदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या सरपंचबाईंना रामराम सांग, बाई खमकी दिसते. आपल्याकडे उलटंच. दरडीच्या भीतीने वाडी खाली उतरली, पोरं बिरवाडीत खोल्या घेऊन राहिली. आता पंचायतीची निवडणूक आलीय. वाडीची जागा बायकांसाठी राखीव, आणि राहीबाईंचे गुडघे गेलेले. तेव्हा परवा देवळात गावकी बसली. मी होतो, राहीबाई होत्या. एकमताने ठरलं की मतदार यादीत नाव आहे, तर अक्षदाने येऊन अर्ज भरावा. गावकीचा शब्द मोडायची आपल्यात रीत नाही. तिकीट बघून ठेव.

तब्येतीला जप, पत्राला उशीर नको.
तुझे, बाबा

माँद
२४ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग बॅगसुद्धा काढली. शेवटी राहीआजीच्या उज्ज्वलाला फोन लावला. ती म्हणाली की आई दिवाळीपासून दासगावला तिच्याकडेच आहे. मग बाबा, गावकीला बसलं कोण?

मी रागावलेली नाही. पण जूनपर्यंत मला अभ्यास सोडून येता येत नाही. वाडीला सदस्य हवाय की तुम्हाला मी हवी आहे, एवढं खरं लिहा.

रागावू नका, माया कमी करू नका.
तुमची, अक्षदा

वरची वाडी
२० मार्च

चि. अक्षदास आशीर्वाद.

गावकीला मी एकटाच होतो. देवापुढे नारळ ठेवला, ठराव मीच मांडला, अनुमोदनही मीच दिलं. तू हवी होतीस, दुसरं काही नाही. सरळ लिहायला लाज वाटली. आता अभ्यास पुरा करूनच ये.

आपल्या जागेवर खालच्या वाडीतल्या सुंदराबाईंनी अर्ज भरलाय. वाडीत राहणारा मतदार मी एकटाच, म्हणून धापा टाकत चढून आल्या. चहा झाला, बराच वेळ बसल्या, तुझी चौकशी केली. म्हणाल्या की मत कुणाला ते सांगा, नायतर मी परत येईन. विचार करतो म्हटलं, तर खरंच पुन्हा आल्या. बाई कामाची आहे, मत तिलाच द्यायचंय. पण तसं सांगितलं की ती यायची बंद होईल, म्हणून अजून सांगितलेलं नाही.

आठवण ठेव.
तुझे, बाबा