मळ्यातल्या पेवात उतरू नको

मनुबाई,

ही चिठ्ठी लिहून ठेवून तुझा सासरा सकाळच्या एस्टीनं विट्याला गेलाय, जमिनीखालचं धान्याचं पेव उपसणाऱ्या कुतुबुद्दीनला आणायला. तो येईस्तोवर पेवात उतरू नको.

रेशनच्या परदेशी मिलो ज्वारीनं पोरांची पोटं बिघडली, म्हणून तू आज पेवातली जुनी ज्वारी काढणार, हे म्हाताऱ्याला ठाऊक हाय. काढ, पण कुतुबुद्दीन आल्यावर. वरचा काळा थर खतात घाल, खालची ज्वारी धुऊन उन्हात टाक. दुष्काळात दाणा वाया जाता कामा न्हाई.

पण पेवात कोंडलेली हवा माणूस गिळती. काल तिन्हीसांजेला म्हाताऱ्यानं पेवाच्या तोंडावरची फरशी सरकवून दोराला कंदील बांधून आत सोडला. निम्म्यावर जाऊन तो विझला. आणि खालून हाक आली, "सयाजीदादा, ये की रं! लय ज्वारी हाय." आवाज लालासाहेबाचा. म्हाताऱ्याचा हा धाकटा भाऊ तुझ्या लग्नाआधी ह्याच पेवात उतरला, कंदील न सोडताच. वर काढला तवा जीव नव्हता. म्हाताऱ्यानं दोर ओढला, तर कंदील कुणीतरी सोडवून घेतलेला.

तू म्हणशील, मामंजींनी आणखी एक थाप ठोकली. म्हण बापडी. पण तुझा नवरा गुंडा पल्टणीत, पोरांस्नी तुझ्याबिगर कोण हाय?

आणि एक. लालासाहेबाला जित्तेपणी दुसऱ्यांचे आवाज काढायची भारी खोड. आज खालून सासऱ्याच्या आवाजात हाक आली, तरी ओ देऊ नको. म्हातारा विट्यातच हाय.