वेगळा पेला

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. फोनवर बोलायचं तर आई शेजारीच बसलेली असते, आणि तिचे गुडघे म्हातारे झाले असले तरी कान अजून विशीतले आहेत.

परवा सकाळी उठले तर खालच्या ओठाच्या कोपऱ्यात चुरचुरत होतं. संध्याकाळपर्यंत पाणी भरलेल्या बारीक फोडांचा घोस उठला. आईला अधूनमधून उठतो ना, डिट्टो तसाच. आई म्हणाली, जागरणं आहेत, अंगात उष्णता आहे, जाईल आपोआप. पण मास्तरांना कुठला धीर! (माझ्या नवऱ्याला तू ठेवलेलं हे नाव आता तो स्वतःही वापरतो.) त्यानं मोबाइलवर शोधून काढलं की याला हर्पीस म्हणतात, हा विषाणू आहे आणि तो तोंडातून तोंडात जातो. तेव्हापासून महाशयांचं तोंड एवढंसं झालंय. काल भांडी पुसता पुसता अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की कॉलेजच्या नाटकात तुझ्याबरोबर असायचा तो उंच मुलगा हल्ली कुठे असतो. मी बाळंतीण, मला केस विंचरायला सवड नाही, आणि यांना उंच मुलगा आठवतोय. हसावं की रडावं ते सांग.

पण ताई, खरी भीती बाळाची आहे. अजून महिन्याचंही नाही ते. फोड दिसायच्या आदल्या दिवसापर्यंत मी त्याचा मुका घेतल्याशिवाय त्याला खाली ठेवत नव्हते. त्याला काही होणार नाही ना? तू रोज रक्तंच तपासतेस, तुला नक्की ठाऊक असेल. लगेच लिही.

आणि एक. मागच्या वेळी तू विषय बदललास म्हणून पुन्हा विचारते. आईची खोली घरमालकानं परत मागितली, हे तुला माहीत आहेच. आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही. आई एकदा वर चढली की आठवडाभर खाली उतरत नाही. तुझं घर तळमजल्यावर, एक खोली रिकामी. तू तिला नेशील का गं?

उत्तराची वाट बघतेय. रागावायचं असेल तर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
धाकटी

*

ता. १० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आधी बाळाचं. फोडावरची खपली पडून कातडी कोरी होईपर्यंत त्याच्या जवळ तोंड न्यायचं नाही. मुका तर नाहीच नाही. ओठाला हात लागला की साबणानं हात धुवायचे, मगच त्याला घ्यायचं. तुझा टॉवेल, पेला, चमचा वेगळा. दूध पाजणं बंद करू नकोस, छातीवर फोड नाहीत ना तेवढं बघ. तो दूध प्यायचा थांबला, मलूल झाला, ताप आला किंवा अंगावर कुठे फोड दिसला, तर मला पत्र लिहीत बसू नकोस, तशीच दवाखान्यात पळ. आणि त्याच्या डॉक्टरांना हे सगळं आजच सांगून ठेव.

तुझ्या रक्तातल्या अँटिबॉडी तपासून घे. कारण सांगते. हा विषाणू एकदा शरीरात शिरला की जन्मभर मुक्कामाला असतो, मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहतो आणि तू थकलीस की उठतो. त्याच्याशी लढायला शरीर ज्या अँटिबॉडी बनवतं, त्या रक्तात दिसायला काही आठवडे जातात. म्हणजे फोड आत्ताच आलाय आणि तरीही त्या रक्तात सापडल्या, तर विषाणू जुना आहे. जुना असेल तर तुझ्या अँटिबॉडी पोटातच बाळाला मिळाल्या असतील, थोडं तरी संरक्षण असेल. नवा असेल तर काळजी जास्त.

मास्तरांना सांग, ही तपासणी एवढंच सांगते की गाठ पडली होती. कधी पडली, कुणी घालून दिली, हे सांगत नाही. बहुतेकांना हा लहानपणीच मिळतो, घरातल्याच कुणाच्या तरी लाडातून. उंच मुलाला सुखानं नांदू दे.

आता माझं. गेल्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये याच तपासणीचं नवं किट आलं. ते नीट चालतं का हे बघायला आम्ही आपलंच रक्त देतो. आमच्या टेबलावर सगळे पॉझिटिव्ह, एकटी मी निगेटिव्ह. पुन्हा केली, पुन्हा तेच. शेजारी बसणारी हसत म्हणाली, काय गं, लहानपणी तुझा कुणी मुकाच घेतला नाही का? सगळे हसले, मीही हसले. मग हातमोजे आणायच्या निमित्तानं आतल्या खोलीत गेले आणि रडले.

कारण खरंच नाही घेतला. तू आईच्या ताटात जेवायचीस, तिच्या पेल्यातलं पाणी प्यायचीस, तिच्या गालाला गाल लावून झोपायचीस. माझा पेला वेगळा, ताट वेगळं, टॉवेल वेगळ्या खुंटीवर. मी काय पाहुणी होते? अगदी लहान असताना ती माझे हात फडक्यात बांधून ठेवायची, ते मला अजून आठवतं. गुन्हा काय केला होता तेवढं आठवत नाही. आत्या आली की माझ्या कपाळाचा मुका घ्यायची, तेव्हा आई ताडकन उठून आत जायची. तेवढंसुद्धा तिला बघवत नव्हतं.

मला तुझा हेवा वाटतो. केस पिकायला लागले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी वाटतो. खरं सांगू? तुझं पत्र वाचताना पहिला विचार बाळाचा आला नाही. पहिला आला तो असा, की हिला आईकडून हेसुद्धा मिळालं आणि मला तेवढंही नाही. ओठावरच्या फोडाचा हेवा करणारी बाई तू दुसरी पाहिली नसशील.

तेव्हा आईबद्दल माझं उत्तर नाही असं आहे. जिची लाडकी, तिनं सांभाळावी. आजवर माझ्याकडे नुसत्या आठवणी होत्या, आता रिपोर्ट आहे.

बाळाला लांबूनच आशीर्वाद. तुझ्यावर जीव आहे, तो काही मत्सरानं कमी होत नाही, एवढीच अडचण आहे.

ताई

*

ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाळ ठणठणीत आहे. दूध पितो, ओरडतो, मास्तरांच्या नव्या सदऱ्यावर नेम धरून शू करतो. माझा फोड गेला. तपासणीत मी पॉझिटिव्ह, म्हणजे तू म्हणालीस तसा जुनाच. मास्तरांनीही हौसेनं रक्त दिलं. तो निगेटिव्ह! बायकोकडून हेसुद्धा मिळालं नाही म्हणून दोन दिवस तोंड फुगवून होता. मी म्हटलं, उंच मुलाला पत्र टाक, दोघं मिळून रडा. तेव्हा कुठे हसला.

आता तुझी खरडपट्टी. तूच लिहितेस की ही तपासणी कुणाकडून मिळालं ते सांगत नाही. मग कुणी प्रेम केलं नाही, हे बरं तुला तिनं सांगितलं! मास्तरांना शहाणपण शिकवायचं आणि स्वतः त्याच खड्ड्यात उडी मारायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

आणि हेवा म्हणशील तर माझंही ऐक. मला मुके मिळाले, कबूल. पण मुका घेतला की माझी पाठवणी, जा, खेळ जा बाहेर. आई मात्र तुझ्याजवळ. तुला मांडीवर घेऊन मलम लावत बसलेली, तुझे कपडे वेगळे उकळणारी, तुझ्या अंगाला टोचू नये म्हणून जुन्या मऊ कापडाचे फ्रॉक शिवणारी. मी दारात उभी राहून बघायचे. एकदा मी कोळशानं हातावर डाग काढले आणि म्हटलं, मलाही झालंय, मलाही लाव मलम. फटका मिळाला. तो तुझ्यामुळे मिळाला, हे मी अजून विसरलेले नाही.

तर झालं असं. ओठ बरा होईपर्यंत मी बाळाकडे तोंड वळवत नव्हते. एका दुपारी तो झोपेत हसला आणि मला रडूच फुटलं. आईनं ते बघितलं. ती म्हणाली, एवढ्याशा दिवसांत रडतेस? मग तोंड फिरवून दुपट्यांच्या घड्या घालायला लागली. मला राहवलं नाही. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, सगळं, लाडकी आणि रिपोर्टासकट. चिडायचं असेल तर इथे येऊन चीड.

तिनं ऐकून घेतलं आणि माझं पेन मागितलं. तिचं पत्र याच पाकिटात आहे. मला वाचू दिलं नाही, चिकटवून दिलं. आता मला त्याचाही हेवा वाटतोय.

तू मोठी आहेस, माफ करत राहा. मी चुका करत राहीन.

धाकटी

*

चि. मोठीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

मला फार लिहिता येत नाही. चष्माही धाकटीचा लावलाय.

तू काही महिन्यांची असताना तुझ्या अंगावर इसब उठला. गाल, कोपरांच्या खळ्या, गुडघ्यांच्या मागे, सगळीकडे. कातडी सोलल्यासारखी ओली. तुला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तुला तपासलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या ओठावर खपली होती. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला बसवलं. म्हणाल्या, तुमच्या ओठावर आहे ते मोठ्या माणसाला काही करत नाही, पण असल्या उघड्या कातडीवर पडलं तर अंगभर पसरतं. मूल हातचं जातं. ओठ बरा दिसला तरी तोंड लावू नका, फोड नसतानाही कधीकधी ते बाहेर पडतं. पेला, टॉवेल, ताट वेगळं ठेवा. तुमच्यावर आहे.

माझ्यावर होतं, ते मी केलं. हात बांधायचे ते तू खाजवून रक्त काढायचीस म्हणून. मऊ फडकं घ्यायचे. रडायचीस तेव्हा मी पण रडायचे, पण ते तुला कुठून आठवणार.

तुझ्या वडलांना सांगितलं तर ते म्हणाले, बोभाटा करू नकोस, लोक म्हणतील आईलाच रोग आहे. म्हणून कुणाला सांगितलं नाही. घरी कोणी आलं की आधी त्याचे ओठ बघायचे, मगच तुला त्याच्या हातात द्यायचे. तुझ्या आत्याचा ओठ स्वच्छ. ती येऊन तुझ्या कपाळाचा मुका घ्यायची आणि माझ्या अंगाचा जळफळाट व्हायचा. मी जन्म दिला, मी रात्रंदिवस केलं, आणि मुका हिनं घ्यायचा! म्हणून आत जायचे. तिच्या चहात मुद्दाम साखर कमी घालायचे. ती बिचारी मरेपर्यंत समजत होती की आमच्याकडे साखर जपून वापरतात.

धाकटी झाली ती स्वच्छ कातडीची. ती जरा मोठी झाल्यावर, ओठ बरा असला की मी तिच्यावर तुझे पण मुके काढले. तेवढी तिची बाजू जड झाली. ती माझी चूक.

तुझा इसब गेला तेव्हा तू शाळेत जात होतीस. एकदा मी वाकले तर तू मान फिरवलीस. तुला सवयच नव्हती. मला वाटलं, आता हिला नको असेल. मग राहिलंच.

धाकटीनं वाचलं की तुझ्या रक्तात ते सापडलं नाही आणि तू रडलीस. मी ऐकलं आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, जमलं मला. एवढी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं की मला जमलं.

तुझ्याकडे येण्याची बळजबरी नाही. चार मजले मी चढेन. बसत बसत चढेन.

जेवत जा. हातमोजे घालून काम कर.

आई

*

ता. १ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी डबा खायच्या वेळी लॅबमध्ये उघडलं. चूक झाली. डबा तसाच राहिला आणि शेजारचीनं मला पाणी आणून दिलं. मग मी तिला सांगितलं, तू त्या दिवशी विचारलं होतंस ना, लहानपणी तुझा कुणी मुका घेतला नाही का? नाही घेतला. माझ्या आईनं घेतला नाही. ती म्हणाली, मग यात हसण्यासारखं काय आहे. मी म्हटलं, तुला नाही कळायचं. आई, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचा हेवा वाटला नाही. सगळ्या पॉझिटिव्ह बायांना माझा वाटावा असं वाटत होतं.

पण तुझी खोडही काढते. आत्याच्या चहातली साखर! त्या बाईनं मला जीव लावला गं. आणि मी तिला मनात खरी आई म्हणायचे. ते तुला कळलं असतं तर तू तिला चहाच दिला नसतास.

पुढच्या रविवारी मी टॅक्सी घेऊन येते. मास्तरांना सांग, तुझी ट्रंक आधी खाली आणून ठेवा आणि तुला एकेक जिना बसत उतरवा. त्यानंतर चढायचं नाही. मागची खोली मी झाडून घेतली आहे, न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला आहे, खिडकीतून रस्ता दिसतो. धाकटीला सांग, आईला नेतेय म्हणून जळू नकोस. जळणारच ती. जळू दे, आता तिची पाळी.

कपाटात पेले आहेत, सगळे सारखे. तुझा वेगळा काढलेला नाही, माझाही नाही. माझी कातडी आता इतकी जाड झाली आहे की डॉक्टरीणबाईसुद्धा हो म्हणतील. शिवाय ही तपासणी मी रोज करते, धोका किती ते मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तेव्हा या वेळी तू वाकलीस तर मी मान फिरवणार नाही. पुढचं किट आलं की मी परत रक्त देईन. जे येईल ते येईल.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. मी जन्मभर ते तुला लिहीत आले, मागितल्यासारखं. आज लिहीत नाही. तो होता.

तुझी, अजून निगेटिव्ह,
मोठी