बिगुलवाल्याचा घोडा

सोमवार, ९ मार्च

प्रिय भावोजी,

नमस्कार. तुमचं पत्र आणि सोबतचे पायदळाचे सोळा शिपाई शनिवारी पोचले. एकाची संगीन वाटेत वाकली होती, ती चिमट्याने सरळ केली. बाकी सगळे धडधाकट आहेत. गुडघ्याच्या गोळ्या घेता की नुसत्या उशाशी ठेवता, हे मागच्या दोन्ही पत्रांत विचारलं होतं, त्यावर तुम्ही सोयीस्कर गप्प. इकडे थंडी ओसरली. गॅलरीतल्या कुंड्या मी परत उन्हात मांडल्या.

आता मुद्द्याचं. रविवारी सकाळच्या गाडीने येतो म्हणता, तिकीटही काढून बसलात. चौदा वर्षं तुम्ही आणि हे टपालाने लढाई खेळताय. दोन गावांत दोन टेबलं, दोन्हींवर तोच नकाशा, तेच नेपोलियनच्या काळातले बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई, आणि पत्रातून एकेक चाल. इतक्या वर्षांत कधी अंतर, कधी तुमच्या घरचं आजारपण, मग तुमचा गुडघा, काही ना काही आड आलं आणि भेट राहिली. आता येताय ते मागच्या पाकिटातल्या एका घोड्यामुळे. तुम्ही यांना लिहिलंत, "बिगुलवाला तपकिरी घोड्यावर? सेनापती, तू ठीक आहेस ना?" एवढी एक ओळ लिहून माणूस तिकीट काढतो!

तुम्ही निघण्याआधी हातात पडावं म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे. फोन केला असता, पण तुमच्या कानाशी ओरडून सांगण्यासारखं हे नाही. शेवटपर्यंत वाचा आणि मग यायचं की नाही ते ठरवा. एरवी यांनी सांगायचं आणि मी लिहायचं अशी रीत, पण आजचं पत्र माझं आहे.

दोन वर्षांपूर्वी पत्रातलं अक्षर बदललं, तेव्हा यांनी तुम्हाला कळवलं होतं की चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सरकारी लेखनिक नेमली आहे. ती थाप होती. डोळे ठणठणीत होते. हात थरथरायला लागला होता. कप हातात घेतला की बशी वाजायची. पण घोडदळ यांनी रंगवायचं आणि पायदळ तुम्ही, दोन्ही टेबलांसाठी, हा तुमचा करार. हात गेला हे तुमच्यापाशी कबूल करणं यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

तेव्हापासूनचं सगळं घोडदळ मी रंगवलंय. तीस वर्षं दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवल्या. दातांच्या पांढऱ्यातल्या सोळा छटा ओळखणाऱ्या बाईला एक निळा डगला काय अवघड, असं वाटलं होतं. पहिल्या स्वाराचं तोंड बघून हे म्हणाले, "याला लढाईला नको पाठवू, याची दाढ दुखतेय."

दुपारची जेवणं झाली की आम्ही खिडकीशी बसायचो. मी स्वार बाटलीच्या बुचावर चिकटवायची, बारीक कानशीने त्याच्या कडा घासायची, काळं अस्तर द्यायची. मग खुर्चीतून हुकूम सुटायचे. "घडीत काळं तसंच राहू दे. खोगिराखाली घाम दाखव. आणि बूट इतके चकचकीत कशाला, लग्नाला निघालेत का?" चिखल लावायला माझा हात धजायचा नाही, सगळं आयुष्य डाग काढण्यात गेलेलं. तुम्ही एकदा लिहिलंत, "तुझं घोडदळ हल्ली फार स्वच्छ दिसतंय." त्यावर यांनी मला सांगितलं, "नवी भरती आहे, असं लिही." आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

भावोजी, चाळीस वर्षांच्या संसारात एका टेबलाशी बसून दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. आधी यांची कचेरी आणि तिथले जमिनींचे नकाशे, माझा दवाखाना, घरी आल्यावर यांची दाराआडची लढाई. मी चहा आत नेऊन ठेवायची आणि बाहेर यायची. म्हातारपणी हात थरथरायला लागला तेव्हा कुठे मला आत खुर्ची मिळाली. त्याचा मला आनंद झाला होता, हेही लिहून टाकते.

तर तो तपकिरी घोडा. बिगुलवाला पांढऱ्या घोड्यावर असतो, म्हणजे धुरातसुद्धा अधिकाऱ्याला तो चटकन सापडतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्यावरून तुम्ही दोघं पूर्वी तीन महिने भांडलात म्हणे, पण ती पत्रं माझ्या आधीची. पाकिटात बारा स्वार होते, मी बाराच्या बारा घोडे एकसारखे तपकिरी केले. कवळीत असंच करावं लागतं. मला टोकायला खुर्चीत कोणी नव्हतं.

इथवर लिहून मी उठले होते. दूध तापवलं, दोन भांडी विसळली, कुंड्यांना पाणी घातलं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तेव्हा परत येऊन बसले.

भावोजी, हे गेले. चौदा ऑक्टोबरला, सकाळी, घरीच. पाच महिने होत आले.

त्यानंतरच्या नऊ चाली माझ्या. पुलावरच्या तोफा मी मागे घेतल्या, गिरणीच्या मागून स्वार काढले तेही मीच. तुम्ही लिहिलंत, "उशिरा का होईना, अक्कल आली रे तुला!" ते वाचून मी आधी हसले आणि मग खूप रडले. फासे मात्र खरे टाकले, पडलं तेच कळवलं. तुम्ही दोघांनी चौदा वर्षांत फाशाबद्दल एकदाही खोटं लिहिलं नाही, तेवढा तुमचा नेम मी मोडला नाही.

का केलं, ते सांगते. हे गेल्यावर चौथ्या दिवशी तुमचं पत्र आलं. "घरात दिवसभर बोलायला कोणी नाही, तुझ्या चालीची वाट बघतो," असं शेवटी होतं. तुम्हाला कसं कळवायचं याचा विचार करत मी कागद घेतला आणि चालच लिहिली. शिवाय वरती "प्रिय सेनापती" होतं. तुम्ही पत्रं लिहीत होता तोवर या घरात यांना कोणीतरी हाक मारत होतं. मला ती बंद करवेना.

एवढंच असतं तर तुम्ही मला क्षमा केली असती, हे मला माहीत आहे. पण एवढंच नाही.

सव्वीस सप्टेंबरला डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, की आता दिवस थोडे. यांना न सांगताच समजलं होतं. त्याच दुपारी मला म्हणाले, "कागद घे, त्याला लिहायचंय." मी लिहून घेतलं. तुम्हाला बोलावलं होतं. खाली सही स्वतः करतो म्हणाले. चार अक्षरांच्या सहीला किती वेळ लागला ते विचारू नका. मी पाकीट चिकटवलं, पत्ता घातला, चप्पल घालून टपालपेटीपर्यंत गेले आणि ते पाकीट पिशवीत घेऊन तशीच परत आले. दुसऱ्या दिवशी त्याच्याऐवजी मनानेच एक चाल लिहून पाठवली, डावीकडचे स्वार टेकडीवर. तुम्ही बिचाऱ्यांनी टेकडीला उत्तर दिलंत. ते मी यांना दाखवलं नाही.

तुम्ही आला असता तर तुमची चौदा वर्षं खोलीत आली असती. मी पुन्हा चहा ठेवून बाहेर आले असते. मला ते नको होतं. दिवस थोडे होते आणि ते सगळे मला हवे होते. याला मत्सर म्हणतात, दुसरा शब्द शोधला पण सापडला नाही. उद्या टाकू, परवा टाकू, असंही म्हणत होते. पण हे खोटं आहे, टाकणार नव्हतेच.

हे रोज विचारायचे, "काही आलं का त्याचं?" मी म्हणायची, "येईल हो, टपालाचं काय सांगावं." शेवटी शेवटी मलाच समजावायला लागले, "त्याचा गुडघा दुखत असेल गं. नाहीतर तो राहायचा नाही." शेवटचे दोन दिवस विचारलं नाही. तुम्ही बोलावूनही आला नाहीत, असं मानून ते गेले. तुमच्यावर रागावले नव्हते, एवढं मी शपथेवर सांगते. पण वाट बघत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत ते पाकीट माझ्या पिशवीत होतं, आणि मी खिडकीशी बसून घोड्यांच्या आयाळी रंगवत होते.

रविवारी याल तर जे बोलाल ते मी ऐकून घेईन. आला नाहीत, किंवा पुन्हा कधीच लिहिलं नाहीत, तरी माझी तक्रार नाही. टेबल आहे तसं आहे. त्यातलं काय न्यायचं, काय ठेवायचं, हे तुम्ही सांगा.

ते पाकीट यासोबत आहे, चिकटवलं तसंच. आतली सही वाचता येणार नाही, पण तुम्ही ओळखाल. मजकूर मीच लिहिलेला, म्हणून पाठ आहे:

"मी हरलो. पांढरं निशाण लावलंय, तू जिंकलास. आता चाल पाठवू नकोस, स्वतः ये. रात्रीची गाडी मिळाली तर तीच धर. मी जागा आहे."

यांची टपालवाली,
आणि तुमची अपराधी,
वहिनी