बिनपोटॅशचं पाणी

३ एप्रिल, गुरुवार
पुन्हा तेच. बिनपोटॅशियमच्या द्रावणात पेशी चार तास ठेवल्या, तरी रंगाचे ठिपके जसेच्या तसे. हिरवे, ठसठशीत, बेशरम. आठवी खेप.
डीएनएचा दोर दोन पदरांचा, पण काही जागी तो घडी घालून चौपदरी गाठ मारतो. वहीत मी नुसतं चौ. लिहिते. चौ. पोटॅशियमवर उभी असते. ते काढलं की गाठ सुटावी, रंग विझावा. विझत नाही, म्हणजे माझा रंग चौ.ला चिकटतच नाहीये. मग जिवंत पेशीत साडेतीन वर्षं मी काय बघतेय?
जळगावातल्या पिंप्राळ्याच्या खोलीवर आले. पंखा गरम वारा फेकतो. जेवले नाही.

५ एप्रिल, शनि.
गाइड मॅडमना सगळं दाखवलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "महिनाअखेर प्रबंध द्यायचाय. जिवंत पेशींचं प्रकरण काढून टाक. परीक्षानळीतलं ठेव."
परीक्षानळीतलं सगळ्या जगाने करून ठेवलंय. माझं असं एवढं एकच प्रकरण होतं.
नियतकालिकाकडे पाठवलेल्या लेखाचं काय, तर मीच म्हटलं, मागे घेऊ. खोटं छापायचं नाही. म्हणताना फार ताठ होते. बाहेर येऊन जिन्यात बसले.

८ एप्रिल, मंगळ.
लेख मागे घेतल्याचं पत्र गेलं. मीच टाइप केलं, दोन चुका राहिल्या.
नाना, आमचे प्रयोगशाळेतले जुने शिपाई, चहा ठेवून गेले. माझ्या द्रावणांसाठीचं ऊर्ध्वपातित पाणी तेच काढतात. म्हणाले, "ताई, कॅन भरून ठेवलीय." आता कशाला, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.
घरी जावंसं वाटतंय. आणि घरी तोंड दाखवू नये असंही.

११ एप्रिल, शुक्र.
शिरपूरला उतरून गावी. आई बहिणीकडे गेलीय. वडील, म्हणजे आबा, केळीत होते, तिथेच गेले. ठिबकमधून सोडायचं पांढरं पोटॅश निळ्या कॅनमध्ये कालवत होते. मला बघून हसले. "आज कशी काय वनी व माय?"
बांधावर बसून राहिले. कॅन रिकामी झाली तशी आबांनी ती उलटी करून तिची धरायची मूठ दगडावर ठोकली. मुठीच्या पोकळीतून पांढरा खडा पडला, सुपारीएवढा.
"हाई काय आबा?"
"मुठमा बठस ते. ठोकाबिगर निंघत नही."
जानेवारीत प्रयोगशाळेतली काचेची बरणी फुटली, तेव्हा ऊर्ध्वपातित पाणी साठवायला कॅन मीच मागितली होती. आबांनी अशीच एक निळी दिली. त्यांच्याकडे अशा चार आहेत. आमच्याकडे खताची कॅन कुणी फेकत नाही, धुऊन दुसऱ्या कामाला लावतात. मला एका क्षणासाठीही शंका आली नाही. पोटॅशियमवर प्रबंध लिहिणाऱ्या बाईला.
"मनी कॅन ठोकेल व्हती का?"
"तुनी तं साबन लाईसन तीन डाव धुयी. कॉलेजनं काम शे म्हनीसन."
बरं म्हटलं.

१२ एप्रिल, शनि.
पहिल्या बसने जळगाव. कॅन भिंतीवर ठोकली. खडा पडला, झिजून हरभऱ्याएवढा झालेला. नाना बघतच राहिले. रसायन विभागात त्या पाण्याचा नमुना ज्योतीच्या यंत्रात तपासला. पोटॅशियम भरपूर. दर खेपेला मी पेशींना पोटॅश पाजत होते.
खूश व्हायला हवं. पण यातून रंग खरा ठरत नाही, आठ प्रयोग फुकट गेले एवढंच ठरतं. आणि पत्र गेलंय.
मॅडम म्हणाल्या, "आधी सापडलं असतं तर शोध झाला असता. आता सबब वाटेल." वर, "एकदाच कर. बुधवारी. नंतर सूक्ष्मदर्शक महिनाभर दुसऱ्यांकडे आहे. आणि वहीत स्वच्छ लिही, कॅन कुठली, कुणी दिली."
वहीत 'शेतातली कॅन' इथपर्यंत लिहिलं. पुढचा शब्द 'वडिलांनी'. तो लिहिला नाही. मागितली मी, ठोकली नाही मी, आणि नाव त्यांचं का लावायचं? पण मॅडमचंही चूक नाही.

१५ एप्रिल, मंगळ.
बरणीसाठी धुळ्याला. तिथल्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे काचेची शिल्लक होती. बसमध्ये मांडीवर घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, "ताई, लोणच्याची का?" हो म्हटलं. पूर्ण रस्ता हात सोडले नाहीत, मुंग्या आल्या.
नानांनी नवीन पाणी काढलं. ज्योतीत तपासलं, शून्य. पेशींची शेवटची कुपी परवाच उघडलीय. या मेल्या तर संपलं.
मला हे खरं निघायला हवंय. इतकं हवंय की माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. नानांना सांगून पेशींच्या बशांवरची नावं झाकली. कुठली पोटॅशियमच्या द्रावणातली, कुठली बिनपोटॅशियमच्या, ते फक्त त्यांना माहीत.

१६ एप्रिल, बुध.
सकाळी नऊला बशा लावल्या. एक वाजता फोटो काढले. संगणकावर ठिपक्यांची मोजणी चालू. पडद्याकडे पाठ करून बसलेय. नाना दारात, हातात नावांची चिठ्ठी.
मघाशी वहीत 'वडिलांनी दिलेली' लिहिलं. त्याखाली 'मी न तपासता वापरलेली'. दोन्ही खरं आहे.
लिहून शाई वाळली नाही तोच आबांचा फोन. जळगाव स्टँडवरून.
"एक कॅन लयेल शे तुनाकरता. आते ठोकीसन धुयी. पाच डाव."
मी काहीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं असणार.
"चाली का वं?"
"चाली आबा. तठेच थांबा."
मोजणी संपल्याची घंटी वाजली. नाना चिठ्ठी पुढे करतायत. आबा उन्हात उभे असतील. आधी त्यांना घेऊन येते.