अकरा सेकंद कोणाचे?

मंगळवार, २ सप्टेंबर २०२५

सही केली नाही. करणार नाही!

चॅनलच्या मोठ्या साहेबांनी, उदय सरांनी, कागद टाईप करूनच आणला होता — "माझ्याकडून चुकीचे बटण दाबले गेले." म्हणाले, "काका, फक्त फॉर्म्यालिटी आहे. सही करा, विषय संपतो." मी म्हटलं, "जे बटण दाबलं नाही, त्याच्यावर सही कशी करू?"

काल सातच्या बातम्या सुरू होताच पडद्यावर भलतंच चित्र गेलं. बीरगांवचं. भट्टीपाशी भाजून मेलेल्या कामगाराच्या घरचं. तिथला कॅमेरा थेट जोडलेला होता, पण ते हवेत जायचं नव्हतं. नवरा गेल्याचं कळून त्याची बायको मीराबाई दारात कोसळते, पदराचं भान नाही, आणि मागून आमचाच माणूस म्हणतो, "पास जा, चेहरा ले." मी दुरुस्त करेपर्यंत अकरा सेकंद.

बावीस वर्षं राउटरवर, चित्रं जोडायच्या मशीनवर, बसतोय. असं कधी झालं नाही. आता सरांच्या हुकमानं रोजचं बटण बंद; बातम्यांची प्रत्येक वाट हातानं जोडावी लागते. जोडीन.

बुधवार, ३ सप्टेंबर

डोकं शांत व्हावं म्हणून लिहितो.

राउटर हुशार नाही. एका बाजूनं चौसष्ट चित्रं आत येतात — कॅमेरे, उपग्रह, रेकॉर्डिंग. दुसऱ्या बाजूनं चौसष्ट वाटा बाहेर जातात. कोणतं चित्र कोणत्या वाटेला, एवढंच ते जोडतं. आधी वाट निवडायची, मग चित्र, मग 'टेक'. एक चित्र गेलं आणि दुसरं यायचं आहे, त्या फटीत बदल होतो. पडदा थरथरतही नाही. विपश्यनेत दोन श्वासांमधली जागा बघायला सांगतात. मला ती राउटरनं आधीच दाखवली होती.

वाट नंबर एक हवेत जाते. तिला मी 'प्रोटेक्ट' लावून ठेवतो. मग ती फक्त माझ्या पॅनलवरून बदलता येते. एडिटिंगवाल्यांना नाही, सरांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरलाही नाही. हे घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

दीपमाला भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग तुमच्याशिवाय कोणी केलंच नसन, असंच म्हणतीन ना ते?"

बायकोचा राग आला. जेवलो नाही नीट.

गुरुवार, ४ सप्टेंबर

मीराबाईचा भाऊ गेटवर आला होता. हात जोडून उभा. "भैया, बटन ला कोन दबाइस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मैंने नहीं दबाया."

"मोर बहिनी घर ले बाहिर नइ निकलत हे," एवढंच बोलून तो सायकलवर बसून गेला.

मी खोटं बोललो नाही. सातला मी फक्त बातम्यांचं रोजचं बटण दाबलं होतं.

रविवार, ७ सप्टेंबर

पौर्णिमा. विहारात अष्टशील घेतलं. खोटं न बोलण्याचं 'मुसावादा वेरमणी' म्हणताना माझा आवाज इतरांपेक्षा मोठा निघाला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

उदय सरांनी चहा मागवला! "काका, जिंकलात तुम्ही. मशीनचा दोष, असं लिहू. जुना राउटर तसाही काढायचाच आहे. रिपोर्टवर तेवढी सही द्या."

नाही दिली.

"सर, मशीन आपल्या मनानं काही करत नाही. सांगितलं तेवढंच करतं."

"अहो, मग केलं कोणी?"

"लॉग काढतो. कुठून काय दाबलं, मशीन त्यात नोंदवतं."

"कशाला खाजवून खरूज काढता?"

घरी दीपमालानं कपाळावर हात मारला. "सुटले होते ना तुमी! काहून अडून राहिले आता?"

काय सांगू तिला. गावच्या शाळेत गुरुजी निरपराध पोराला कधी मारत नसत. पण कोणी कबूल होईपर्यंत सगळा वर्ग उभा ठेवत. मला अजून बसवत नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

लॉगमधली १ तारखेची ओळ: १९:००:०२. वाट १. इनपुट १७. पॅनल १.

पॅनल १ माझं.

तीनदा वाचलं. मग रोजचं बटण उघडून आत पाहिलं. ते साधं बटण नाही, साठवलेली जुळवणी आहे — आम्ही 'साल्वो' म्हणतो. एक दाब, बारा वाटा एकदम बदलतात. चार वर्षांपूर्वी मीच बनवला. तेव्हा सतरावर स्टुडिओचं चित्र यायचं. ३१ ऑगस्टच्या रविवारी मीच वायरी बदलल्या आणि सतरावर बाहेरच्या थेट कॅमेऱ्याची लाईन आणली. पॅनलवरचं नाव बदललं. साल्वोतला नंबर तसाच राहिला. राउटर नाव वाचत नाही, नंबर वाचतो. दुसऱ्याच दिवशी सातला मी बटण दाबलं.

नंतर सगळं हातानं जोडत होतो, म्हणून चूक पुन्हा दिसली नाही. पण लॉग पहिल्याच दिवशी काढता आला असता. नऊ दिवस मला तो बघायची गरजच वाटली नाही. एवढी खात्री!

कागद लिहिला. माझ्या अक्षरात, माझ्या शब्दांत. चूक कशी झाली, तारखेसकट. खाली सही. उदय सर म्हणाले, "नोकरी जाईल, काका." जाऊ दे. मशीनवर ढकलणार नाही, आणि त्यांनी टाईप केलेलं वाक्यही माझं नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

बीरगांवला गेलो. मीराबाई उंबऱ्याच्या आत बसली होती. सांगितलं — बटण मीच दाबलं, तुझ्या भावाशी चुकीचं बोललो.

ती म्हणाली, "बटन ला छोड़ भैया. मोर आदमी मर गे, ये बात कैमरा वाला ला मोर ले पहिली कोन बताइस?"

नवरा गेल्याचं तिच्याआधी कॅमेरावाल्याला कोणी सांगितलं, आता हेच विचारणार आहे. उदय सरांना, सगळ्यांसमोर, लेखी.