चार पंचावन्नची सही

दिनांक ९ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. माझे मृत्युपत्र या मिनिटापासून सुरू होते.

आधी मी शुद्धीवर असल्याचे सांगायचे असते, ते सांगते. वय एकाहत्तर, न्यायालयातील निवृत्त लघुलेखिका, अविवाहित, स्मरणशक्ती शाबूत, जिभेबद्दलच्या तक्रारी जुन्याच. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही, असेही लिहायचा रिवाज आहे. ते मला लिहिता येत नाही. दबाव आहे. त्याच्याखाली बसूनच लिहीत आहे; इच्छा मात्र माझीच आहे.

कलम १. माझे राहते घर, दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या पश्चात समोरच्या दारातील शिंपीमास्तरांच्या पत्नीस, म्हणजे वहिनींना, द्यावे. मास्तरांना नेल्यापासून त्यांच्या घरमालकाला एकाएकी रंगकाम सुचले आहे आणि खोल्या रिकाम्या हव्या आहेत. पण वहिनींनी हे घर घेण्यापूर्वी कलम २ वाचावे. वाचून नको वाटले, तर नाकारावे. मी समजेन.

कलम २. वर लिहिलेल्या वेळी चार माणसे मास्तरांना घेऊन गेली. गणवेश नव्हता, बूट मात्र एकसारखे होते. मी दाराच्या पितळी डोळ्यातून पाहत होते. मास्तरांच्या बोटात शिवणकामाचे अंगुस्तान तसेच होते, गळ्यात टेप होती. एकाने ती टेप काढून नीट घडी करून स्वतःच्या खिशात घातली. मास्तरांचा गुन्हा एवढाच, की पुढाऱ्याच्या नव्या पथकासाठी दंडावर बांधायच्या सहाशे पट्ट्या शिवायला ते नाही म्हणाले. पुढाऱ्याच्या माणसाला त्यांनी सांगितले होते, "पट्टी जखमेला बांधतात हो. दंडाला काय झालंय?" मी जिन्यात उभी राहून हसले होते. मोठ्याने हसण्याची ती माझी शेवटची वेळ.

जाताना ते माझ्या बंद दाराकडे वळून म्हणाले, "ताई, बाहीचं राहिलं."

मी आत आहे हे त्यांना ठाऊक होते. मी दार उघडले नाही. सवयीने वही घेतली आणि ते तीन शब्द लिहून घेतले. शेजारी वेळ टाकली.

पाचच्या सुमारास वहिनी कामावरून परतल्या. साडेपाचला त्यांनी माझे दार वाजवले. "ताई, तुम्ही काही पाहिलंत का?"

मी म्हणाले, "झोपले होते."

"तुम्ही? दुपारी?"

बस्स, एवढेच. पुन्हा त्यांनी विचारले नाही. वहिनी, मी जागी होते. हे तुम्हाला तोंडावर सांगण्याचे धाडस मला सतरा दिवसांत झाले नाही, म्हणून कायद्याच्या कागदाआड उभी राहून सांगत आहे.

कलम ३. माझी एक सही मी या मृत्युपत्राने परत घेते. त्याच दिवशी, वहिनी यायच्या जरा आधी, बिल्डिंगचे सेक्रेटरी टाइप केलेला कागद घेऊन आले.

"ताई, इथे सही. नुसती औपचारिकता."

"मास्तरांना कुठे नेलं?"

"मला नका विचारू. मलाही पोरंबाळं आहेत. सगळ्यांनी केलीय हो सही."

मी वाचले. म्हणजे डोळे ओळींवरून फिरले. भ्यालेल्या माणसाला अक्षरे दिसतात, अर्थ पोचत नाही. सही केली. नक्कल मागितली, कारण नकलेशिवाय मी जन्मात सही केलेली नाही. दुसऱ्या दिवशी ती आली, सुरक्षा कार्यालयाचा ९ तारखेचा आवक शिक्का मारून. तेव्हा अर्थ पोचला. कागद म्हणतो: "दिनांक ९ रोजी सायंकाळी सहा वाजता सदर शिंपी स्वखुशीने एकटाच बॅग घेऊन बाहेर पडताना मी समक्ष पाहिले." आणि खाली माझ्या सहीखाली माझ्याच अक्षरात: ४.५५.

चौतीस वर्षे मी प्रत्येक सहीखाली वेळ लिहिली. हात आपोआप चालला. सह्या रात्रीपर्यंत गोळा करायच्या होत्या, पण सेक्रेटरींना चहाच्या आधी काम उरकायचे होते. म्हणून सहा वाजता घडलेली गोष्ट मी पाचच्या आतच समक्ष पाहिली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हे शौर्य नव्हे. कोणी तसे म्हणू नये. मी मान तुकवली होती. फक्त हाताला ते कळवायचे राहून गेले.

कलम ४. माझ्या लघुलिपीच्या एकशे बारा वह्या आणि वरील नक्कल भाचीस. ती कुठे असते ते लिहीत नाही. माझे अक्षर तिच्याशिवाय कोणाला लागत नाही. तिला मीच शिकवले. न्यायाधीशसाहेब जेव्हा म्हणत, "हे लिहू नका," तेव्हा मी ते टंकलेल्या प्रतीत घेत नसे, पण वहीत खोडतही नसे. समासात एक रेघ ओढत असे. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशा दोन रेघा आहेत. शेवटच्या वर्षी दोनशे सहा. देशात काय चालले आहे, असे कोणी विचारले तर भाचीने त्या रेघा मोजून दाखवाव्यात. मला त्या तेव्हाच मोजता आल्या असत्या. मी निवृत्तिवेतनाची वाट पाहत होते.

कलम ५. भाच्यास माझ्या दाराचा पितळी डोळा काढून द्यावा, बाकी काही नाही. तो प्रसिद्धी खात्यात आहे. मी त्याला फोन केला तर म्हणाला, "आत्या, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? त्या भोकावर कागद चिकटव आणि स्वस्थ झोप." मी चिकटवला होता. चार दिवस. पण लिफ्टचे दार वाजले की मी उठून त्या कागदापाशीच जाऊन उभी राहत असे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस तो हाच असावा. दाराशी एक पिशवी भरून ठेवली आहे: औषधे, चष्मा, लोकरी मोजे. ती भरल्यापासून झोप लागते.

सेक्रेटरींस माझे भिंग. सही घेताना खालचेही वाचत जावे.

कलम ६. माझा करडा कोट. एक बाही जोडलेली, दुसरी टाचण्यांवर. वहिनींनी तो दुसऱ्याच दिवशी घडी करून माझ्या दाराशी ठेवला, घंटी न वाजवता. दुसऱ्या कोणत्याही शिंप्याने त्याला हात लावू नये. मास्तर परत आले तर त्यांनी पुरा करावा. मी आधी गेले तर मला तो तसाच, एका बाहीचा, घालून न्यावे. लोकांनी विचारावे आणि वहिनींनी उत्तर द्यावे.

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर पट्टी हातात घेऊन म्हणायच्या, "भीती वाटू दे, ओळ वाकडी जाता कामा नये." वरील ओळी तपासून पाहाव्यात.

साक्षीदार पहिला: खालचा औषधविक्रेता. ("आत काय आहे ते सांगू नका, ताई. नुसती सही करतो.") वेळ ११.२०.
साक्षीदार दुसरा: न्यायालयातील निवृत्त पट्टेवाला. (त्याने सगळे वाचायला मागितले, वाचले, आणि मग सही केली.) वेळ ११.४५.

नोंदणी कार्यालय, खिडकी क्रमांक ३. दिनांक २६ फेब्रुवारी, शुक्रवार. सही: मृत्युपत्र करणारी. वेळ ११.१५.

प्रत रवाना: सुरक्षा कार्यालय. माझ्या मरणाची वाट न पाहता ही प्रत आजच देत आहे. मूळ कागद नोंदणीत आहे, पानांवर क्रमांक पडले आहेत. मास्तर कुठे आहेत, कोणत्या आरोपाखाली आहेत आणि वहिनींना कधी भेटता येईल, याचे लेखी उत्तर शुक्रवार, १२ मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत वहिनींच्या नावे, समोरच्या दारी पोचावे. घंटी वाजवावी. या वेळी माझे दार उघडे असेल.